शनवारी बंद काय ठेवायचं

परत आल्यापासून प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, "जेरुसलेम पाहिलंस का?" पाहिलं. एका दिवसात, पावसात, उसन्या छत्रीखाली. पण त्या आठ आठवड्यांत मी सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल, तर विजेची पॅनेलं. ती कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. मराठीत एवढं लांब मी शाळा सुटल्यावर कधी लिहिलेलं नाही. आमच्या शाळेत मराठी हा आठवड्यातून चार तासांचा विषय होता आणि मी आकडे अजूनही मनात इंग्रजीतच मोजते. तेव्हा चुका सांभाळून घ्याव्यात.

२००७ चा हिवाळा होता. मी पुण्यात पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करत होते. इस्रायलच्या दक्षिणेला, वाळवंटात, डिमोना आणि बेर्शेबा या दोन गावांच्या मध्ये एक लहानसं विद्यापीठ आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी 'कार्बन न्यूट्रल' व्हायचं ठरवलं होतं. म्हणजे दिवे, यंत्रं, बस, विमानप्रवास यांतून आपण हवेत जेवढा कार्बन सोडतो तो कमी करत न्यायचा, उरेल तो दुसरीकडे भरून काढायचा आणि शून्यावर यायचं. अट एकच होती, की हे करताना कुणाचा प्रयोग थांबता कामा नये आणि कुणाचा तास बुडता कामा नये. मोजमापाच्या कामाला त्यांना बाहेरचा एक विद्यार्थी हवा होता. आमच्या मॅडमनी माझं नाव कळवलं, कारण वर्गात पासपोर्ट तयार असलेली मी एकटीच होते.

डिमोना

राहायची सोय आईने केली. अलिबागला आईच्या शेजारी दीनाताई राहायच्या. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्या इस्रायलला गेल्या आणि मग आयुष्यभर आईला पत्रं लिहीत राहिल्या. मी त्यांना मावशी म्हणायचं ठरलं होतं, पण दारात उभी राहिले तेव्हा तोंडातून "हॅलो" एवढंच निघालं.

"हॅलो काय गो? मी काय टेलिफोन हाय?" दीनामावशी म्हणाल्या आणि त्यांनी माझी बॅग हातातून काढूनच घेतली. "आत ये, बाय. तुझ्या आयशीचं नाक घेऊन आलीस बघ."

मावशींचे यजमान शिमशोनकाका मुंबईला गिरणीत फिटर होते. डिमोनाला येऊन ते खनिजांच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन झाले आणि तिथूनच रिटायर झाले. तिसरी याएल, त्यांची नात. आई-वडील अश्केलोनला, म्हणून ही इथे राहून कॉलेज करत होती. याएलला मराठी सगळं कळायचं, पण मावशींनी मराठीत विचारलं की ती हिब्रूत उत्तर द्यायची. दोघी तासभर भांडायच्या, एक मराठीत, एक हिब्रूत, आणि कुणाचं काही अडायचं नाही.

मावशींचं मराठी ऐकताना मला माझ्या मराठीमुळे कानकोंडं व्हायचं. रविवारला त्या 'आयतवार' म्हणत, दवाखान्याला 'इस्पितळ'. मी "लंच स्किप करते" म्हटलं की त्या म्हणायच्या, "मराठीत बोल, म्हंजे उपास कळेल तरी."

डिमोना म्हणजे चार मजली, मातकट रंगाच्या इमारतींचं गाव. आमच्या खिडकीतून पाहिलं की गच्च्या दिसायच्या आणि प्रत्येक गच्चीवर सूर्यावर पाणी तापवणाऱ्या पांढऱ्या टाक्यांच्या रांगा. पुण्यात आमच्या सोसायटीत सोलर बसवायचं की नाही यावर दोन वर्षं मीटिंगा चालल्या होत्या. इथे जणू घराला दार असतं तशी टाकी असते. हवा मात्र कोरडी आणि बोचरी थंड. संध्याकाळी मावशी नारळाच्या दुधातलं माशांचं कालवण करायच्या आणि मी न मागता दुसऱ्यांदा भात वाढायच्या. मांसाबरोबर गाईचं दूध त्यांना चालत नाही, म्हणून कोंबडीतही नारळाचंच दूध. आमच्याकडे चवीसाठी जे करतात ते इथे धर्मासाठी होतं, आणि चव तीच.

विद्यापीठ

डिमोनाहून बसने अर्धा तास. बसमध्ये सैनिक मुलं-मुली मांडीवर बंदूक घेऊन गाढ झोपलेली असायची. पहिल्या दिवशी मी उभ्यानेच प्रवास केला. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि मी उतरायच्या थांब्यापर्यंत हललेसुद्धा नाही.

आमच्या प्रकल्पाचे प्रमुख गिदोन. ते मोठे प्राध्यापक, पण तिथे सगळे त्यांना नुसतं 'गिदोन' म्हणतात, शिपाईसुद्धा. मला ते जमेना. दोन आठवडे मी प्रत्येक वाक्य "एक्सक्यूज मी"ने सुरू करून वेळ मारून नेली.

त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक तक्ता दाखवला. विद्यापीठ कशाकशातून किती कार्बन सोडतं त्याचा. शेवटच्या रकान्यात पाहुण्यांचे विमानप्रवास होते आणि तिथे माझं नाव होतं. मुंबई ते तेल अवीव, जाऊन-येऊन. मी कार्बन मोजायला आले होते आणि आल्या आल्या त्यात भर घातली होती.

"घाबरू नकोस," गिदोन म्हणाले. "आता एवढं सोडलंस तर त्याच्या बदल्यात काहीतरी शोधून दे."

मला जे शोधायचं होतं ते असं. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत तिथे शब्बाथ असतो, विश्रांतीचा दिवस. बस बंद, दुकानं बंद, विद्यापीठात चिटपाखरू नाही. तरीही जीवशास्त्राच्या इमारतीचं मीटर शनिवारीसुद्धा फिरत राहायचं. ही वीज कोण खातं? माणसं नसलेल्या इमारतीतलं काय काय बंद ठेवता येईल, त्याची मी यादी करायची. मी परत जायच्या आधीच्या शेवटच्या शब्बाथला त्या यादीप्रमाणे स्विच पाडायचे आणि किती फरक पडतो ते बघायचं. फरक दिसला तर सगळ्या इमारतींत तेच करणार होते. नाही दिसला, किंवा कुणाचं नुकसान झालं, तर विद्यापीठाची समिती हा विषयच मिटवणार होती. गिदोननी हे मला हसत हसत सांगितलं, पण सांगितलं.

मी पाच आठवडे खपून यादी केली. पॅनेलवरची नावं वाचली, हिब्रू लेबलं कागदावर उतरवून याएलकडून अर्थ लावून घेतला, प्रत्येक सर्किटला मीटर लावलं. आणि एक गोष्ट केली नाही. इमारतीतल्या खोल्यांची दारं ठोठावली नाहीत. अनोळखी दारासमोर उभं राहून "मी अमुक, मला तमुक विचारायचंय" हे म्हणण्यापेक्षा मला तळघरात दोन तास पॅनेलसमोर बसणं सोपं वाटायचं. यादी छापली गेली. गिदोननी तिच्यावर सही केली आणि ती फलकावर लागली.

कोंबडी आणि प्लाटा

मग तो शनिवार आला. शेवटच्या चाचणीच्या बरोबर एक आठवडा आधीचा.

मला जाग आली तेव्हा घर शांत होतं. तिघंही प्रार्थनेला सिनेगॉगमध्ये गेलेली. मी चहासाठी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर प्लाटा तापलेला. प्लाटा म्हणजे विजेवर चालणारा ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा. त्यावर दोन पातेली झाकून ठेवलेली होती. आदल्या आठवड्यांत शनिवारी मी गिदोनच्या विद्यार्थ्यांबरोबर फिरायला जायची, त्यामुळे सकाळचं हे स्वयंपाकघर मी कधी पाहिलंच नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की शब्बाथला ही माणसं विजेचं बटण चालू करत नाहीत आणि बंदही करत नाहीत.

मला वाटलं, शुक्रवारी घाईत राहून गेला आणि आता बिचाऱ्यांना बंद करता येत नाहीये. पाच आठवडे दिवसभर हेच काम केलेला माणूस काय करील? तिथल्या सॉकेटना बहुधा बटण नसतं. मी प्लग ओढून काढला. वर वायरची नीट गुंडाळी करून ठेवली. आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा या घराच्या उपयोगी पडले, अशा समाधानाने चहाचं विसरूनच खिडकीशी बसले.

साडेअकराला सगळे परतले. मावशींनी पातेल्याला हात लावला. मग दुसऱ्याला. मग त्यांची नजर वायरीच्या गुंडाळीवर गेली आणि तिथून माझ्यावर.

"हे तू केलंस गो?"

मी मान हलवली. "मला वाटलं, चालू राहिला. उगाच वीज..."

याएल एकदम हिब्रूत काहीतरी बोलली आणि हसत सुटली. तेव्हा मला उमगलं, की प्लाटा राहिलेला नव्हता, ठेवलेला होता. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शिजवून शनिवारचं जेवण त्यावर ठेवतात. आठवड्यातलं हे एकच जेवण तिघं एकत्र बसून सावकाश जेवायची.

मी उठून प्लग उचलला. "लगेच लावते."

"नको," शिमशोनकाका म्हणाले. रागाने नाही, पण ठामपणे. "आमच्यासाठी म्हणून तू आता लावलंस तर ते गरम झालेलं आमाला खाता येणार नाय. ठेव खाली."

मला रडू यायला लागलं. ते दिसू नये म्हणून मी ताटं मांडू लागले. कोंबडीच्या रश्शावर नारळाच्या दुधाची पांढरी साय धरली होती. भात गार आणि मोकळा.

"आज आईसक्रीम करी," मावशी वाढता वाढता म्हणाल्या. "मुंबैला ताजमध्ये पण मिळायची नाय."

"सवता, ताईम!" याएलने तोंडभर घास घेऊन आजीला सांगितलं. चांगलं झालंय म्हणून.

"ही कधी माझ्या गरम कालवणाला बरं म्हणाली नाय," मावशी म्हणाल्या. "तुझा उपकारच म्हणायचा."

कुणीच मला बोललं नाही, तेच जास्त लागत होतं. जेवण झाल्यावर काका माझ्याजवळ बसले. त्यांना माझं काम पहिल्यापासून आवडायचं. रोज संध्याकाळी ते माझी यादी वाचायला मागायचे.

"माझ्या आजाचा रेवदंड्याला तेलाचा घाणा होता," ते म्हणाले. "शनवारी घाणा बंद. म्हणून तर गाववाले आमाला शनवार तेली म्हणायचे. पण बैलाची पेंड काढून ठेवलेली असायची, पाणी भरलेलं असायचं. घाणा बंद म्हंजे बैल उपाशी, असं नव्हतं. कळलं?"

"हो," मी म्हटलं.

"तुझ्या त्या यादीत कुणाचा बैल नाय ना?"

मी तर कुणालाच विचारलेलं नव्हतं.

दारं

तिथे आठवडा रविवारी सुरू होतो. त्या रविवारी सकाळी मी तळघरातल्या पहिल्या दारासमोर किती वेळ उभी होते ते सांगणार नाही. यादीत हे सर्किट 'मखसान' होतं, म्हणजे सामानाची खोली. सामानाच्या खोलीला शनिवारी एवढी वीज कशाला, म्हणून मी त्याखाली दोनदा रेघ मारली होती. माझ्या यादीतली ही सगळ्यात मोठी बचत होती.

ठोठावल्यावर दार माझ्याएवढ्याच एका मुलीने उघडलं. केस वर बांधलेले, हाताला माती.

"नू? काय हवंय?"

तिच्या मागे जांभळट उजेडात ट्रेमागून ट्रे आणि त्यांत बोटाएवढी हिरवी रोपं. ती वाळवंटातल्या बाभळीची होती. ही नोआ, पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला होती. खारट पाण्यावर कुठली रोपं तगतात ते ती पाहत होती. रोपांना ठरलेला उजेड आणि ठरलेली ऊब लागायची. एका दिवसाचा खंड पडला की सगळं पहिल्यापासून. वर्षभरापूर्वी ही खोली सामानाचीच होती. पॅनेलवरचं लेबल बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"शुक्रवारी दुपारी ही वीज बंद होणार आहे," मी म्हटलं.

"कुणी ठरवलं?"

"मी."

फलकावरची यादी नोआने वाचली होती, पण तिच्या खोलीला ती 'मखसान' म्हणतच नसे. मग ती काय काय बोलली ते निम्मं हिब्रूत होतं, आणि मला पूर्ण समजलं.

गिदोनच्या खोलीत जाताना मी वाक्य पाठ केलं होतं. ते मी विसरले. "गिदोन," मी पहिल्यांदाच म्हटलं, "यादी चुकीची आहे."

"किती चुकीची?"

"माहीत नाही. मी दारं ठोठावली नव्हती."

"का?"

"लाज वाटली."

त्यांनी चष्मा काढला. आमच्याकडे यापुढे एक भाषण झालं असतं. "कार्बन शून्य करणं सोपं आहे," ते म्हणाले. "विद्यापीठाला कुलूप लावायचं. आपल्याला ते चालू ठेवून करायचंय, म्हणून तुला बोलावलं. गुरुवार दुपारपर्यंत नवी यादी दे. नाहीतर मी चाचणी रद्द करतो. आणि मला सांगायला आलीस ते बरं केलंस. आता जा."

मी बाहेर आले तर नोआ उभी. "एकटीला कुणी दार उघडणार नाही," ती म्हणाली. "याल्ला, चल."

चार दिवस आम्ही दोघी दारोदार फिरलो. मी वही घेऊन मागे, नोआ पुढे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, आता तू पुढे हो. किती तरी खोल्यांत अशी यंत्रं निघाली, की जी बंद करणं म्हणजे कुणाच्या तरी दोन-तीन वर्षांवर पाणी. फ्रीजर, मासे ठेवलेल्या टाक्या, एका आजोबांच्या वयाच्या प्राध्यापकांच्या मधमाश्या. पण दारं उघडल्यामुळे पॅनेलवर कधी न दिसलेलंही दिसलं. प्रत्येक मजल्यावर पाण्याचे कूलर, चहाचे बॉयलर, रात्रंदिवस जागे प्रिंटर, रिकाम्या खोल्यांतले हीटर. ते बंद करून ठेवायला कुणाची हरकत नव्हती. पण शुक्रवारी घरी जायच्या गडबडीत ते बंद करणार कोण आणि रविवारी सकाळी चालू करणार कोण?

हे मी घरी सांगितलं तर मावशींनी कपाळावर हात मारला. "अगो, शब्बाथचं घड्याळ कशाला हाय?"

त्यांच्या बैठकीतला दिवा शुक्रवारी रात्री दहाला आपोआप जायचा, ते मी दर आठवड्याला बघत होते. प्लगमध्ये बसवायचं साधं घड्याळ. वेळ आधी लावून ठेवायची, म्हणजे कुणाला बटणाला हात लावावा लागत नाही. त्या देशात घरोघरी असतं ते. विद्यापीठातल्या कूलरला लावायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बुधवारपर्यंत मावशींनी सिनेगॉगमधल्या बायकांना फोन करून जुनी घड्याळं गोळा केली. पिशवीभर. ती द्यायला काका माझ्याबरोबर निघाले. मुंबईहून आणलेला कोट घालून.

फाटकावर पिशव्या तपासतात, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. पहारेकऱ्याने पिशवी उघडली. आत वीस-पंचवीस टायमर आणि वायरींचे तुकडे. तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने कुणाला तरी हाक मारली.

"अरे, शब्बाथची घड्याळं हायत ती, गाढवा!" काका मराठीत ओरडले, आणि मग तेच हिब्रूत, गाढव वगळून. मी भिंतीला चिकटून उभी. आतून वरिष्ठ आला, त्याने एक घड्याळ उचलून उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हे चालतं अजून? माझ्या आईचं असंच होतं." मग काकांनी त्याला ते कसं दुरुस्त करायचं ते सांगितलं. आम्हाला पाऊण तास उशीर झाला.

गिदोननी घड्याळं पाहिली आणि पहिल्या वर्षाचा तास तिथेच भरवला. मुलांनी मजले वाटून घेतले, कुठलं यंत्र किती वीज घेतं ते मोजलं आणि घड्याळं लावली. काका कोट काढून, बाह्या दुमडून प्रत्येक प्लग तपासत होते. गुरुवारी दुपारी नवी यादी लागली. तिच्यात खोलीच्या नावापुढे आता माणसाचं नावही होतं.

आयतवार

शेवटच्या शब्बाथला बस नव्हत्या, म्हणून मीटर बघायला जाता येईना. मावशींनी माझी खुर्ची प्लाट्याशेजारी मांडली. "राखण कर," म्हणाल्या. दुपारी कालवण वाफाळतं होतं. तळघरातली ऊब टिकली असेल ना, एवढंच माझ्या मनात होतं.

रविवारी पहिल्या बसने गेले. नोआ माझ्याआधीच पोचलेली. ती दार उघडून बाजूला झाली. रोपं होती तशी होती. मग वर जाऊन गिदोनबरोबर मीटरचा आलेख छापला. शुक्रवार दुपारपासून रेघ उतरत गेलेली होती. माझ्या पहिल्या यादीने ती जेवढी उतरली असती तेवढी नाही, पण कुणालाही दिसेल एवढी नक्की.

"समितीला हे पुरेल," गिदोन म्हणाले. त्यांनी तक्ता काढला, माझ्या विमानप्रवासाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हळूहळू फिटेल."

गिदोन रेघ किती उतरली ते बघत होते. मी ती जिथे थांबली होती तिथे बघत होते. शनिवारभर सरळ, न हलता चाललेली ती उरलेली वीज. तिच्यात नोआची रोपं होती, मासे होते, मधमाश्या होत्या. कागदावरच्या कुठल्याही गोष्टीबद्दल मला इतकं कृतज्ञ वाटलेलं नाही.

संध्याकाळी मावशींनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा आणि भोवती फळं. मनातलं मागणं पुरं झालं की एलियाहू प्रेषिताचे आभार मानून बेने इस्रायल लोक तो वाटतात. "रोपं जगली तर करीन म्हणून बोलले होते," मावशी म्हणाल्या. ज्या मुलीला त्यांनी पाहिलंही नव्हतं तिच्या रोपांसाठी. नोआ आली होती. तिने दोनदा वाढून घेतलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. याएलने तिला हिब्रूत समजावलं, मग माझ्याकडे वळून, आठ आठवड्यांत पहिल्यांदा, मराठीत म्हणाली, "पोहे. तुझ्याकडचे. आणि आमच्याकडचे."

काकांनी एक घड्याळ कागदात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवलं. आता ते आमच्या लॅबच्या कूलरला लावलेलं आहे.

सगळे बैठकीत गेल्यावर मी स्वयंपाकघरातली भांडी विसळली. निघताना सवयीने हात दिव्याच्या बटणाकडे गेला आणि थांबला.

"मावशी," मी बैठकीकडे वळून विचारलं, "दिवा बंद करू?"

"कर गो, बाय," आतून आवाज आला. "आज आयतवार."